बंदुकीचं तेलपाणी

“मूर्खपणा माझाच होता,” असं संध्या आधीच सांगून टाकते. समोरच्याला तो शोधत बसायचे कष्ट नकोत. नेपरव्हिलच्या मराठी मंडळात ही गोष्ट एवढी फिरलीय, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक अनोळखी बाई तिला म्हणाली, “अय्या, त्या बंदूकवाल्या तुम्हीच का?” आणि घाईघाईने तिळगूळ जरा जास्तच दिला. (हातात बंदूक नसतानाही माणसं जपून बोलतात, हा या प्रकरणातला एकमेव कायमचा फायदा.)

सुरुवात झाली एका ‘हो’पासून.

जुलैतली दुपार होती. संध्या घरूनच काम करत होती, म्हणजे मीटिंग म्यूटवर आणि भेंडी विळीवर. तेवढ्यात सावनी किचनमध्ये आली. सावनी सतरा वर्षांची. गेली दोन वर्षं ती आईशी तीनच शब्द बोलायची: ‘फाइन’, ‘व्हॉटेव्हर’ आणि दार. शाळेच्या कार्यक्रमाला गेलं तर आईच्या दहा पावलं पुढे चालायची, म्हणजे ओळख-पाळख नसल्याचं लांबूनही दिसावं.

तर अशी ही सावनी ओट्याला टेकली आणि म्हणाली, “आई, नोव्हेंबरमध्ये तू माझ्याबरोबर...”

“हो!” संध्या म्हणाली.

“मी अजून विचारलंच नाहीये.”

“हो म्हटलं ना!”

‘माझ्याबरोबर’ हा शब्द दोन वर्षांत पहिल्यांदा कानावर पडला होता. त्यापुढे सावनीने ‘बँक लुटशील का’ विचारलं असतं तरी संध्या पिशवी शोधायला लागली असती.

विचारलं ते फार वेगळं नव्हतं. त्यातही बंदूक होतीच.

सावनी तीन वर्षं शाळेच्या शूटिंग टीममध्ये होती. जमिनीलगतच्या एका बुटक्या खोलीतून मातीची बशी भिरभिरत बाहेर फेकली जाते, आणि ती हवेत असताना फोडायची. बशीला म्हणायचं ‘पक्षी’. पाच जागांवरून पाच-पाच, असे एकूण पंचवीस पक्षी. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी त्यांच्या क्लबमध्ये पालक आणि मूल अशा जोड्यांची स्पर्धा असते. पहिल्या तीन जोड्यांचा फोटो क्लबच्या भिंतीवर लागतो. तीन वर्षं सावनी त्या भिंतीखालची रिकामी काडतुसं झाडत होती आणि वरचे फोटो बघत होती. पहिल्या वर्षी तिने बाबांना नेलं. उल्हासने पंचवीसपैकी दोन फोडले. (त्यातला एक बाहेर येतानाच फुटलेला होता, असं जाणकार सांगतात.) नंतर दोन वर्षं तिला जोडीदारच नव्हता. आणि पुढच्या ऑगस्टात ती कॉलेजला जाणार होती.

“जस्ट वन फोटो, आई,” ती म्हणाली. “दॅट्स ऑल आय वॉन्ट.”

आता यावर कोण नाही म्हणणार? झालं. सेहेचाळीस वर्षांच्या, पाच फुटांच्या, दिवाळीत फुलबाजीसुद्धा लांब काडीला बांधून लावणाऱ्या संध्याने बंदूक घ्यायचं ठरवलं.

इलिनॉयमध्ये आधी त्याचं कार्ड काढावं लागतं. कार्डावरच्या फोटोत संध्या अशी आलीय, की बंदूक तिला देऊ नये असं तिलाही वाटलं. पण कार्ड आलं, सेफ्टीचा क्लास झाला. नळी कायम मैदानाकडे, बोट ट्रिगरपासून लांब, आणि नेम धरायचा नसेल तेव्हा बंदूक उघडी आणि रिकामी. हे नियम तिने इतके मनावर घेतले, की महिनाभर घरात कात्रीसुद्धा ती तशीच धरत होती.

बंदूक घेतली पंप-ॲक्शन, तीही जुनी. म्हणजे नळीखाली एक लाकडी दांडा असतो, तो मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन ठेवून पुढे ढकलला की बंदूक तयार. हापसा आडवा धरावा तसा प्रकार. संध्याला तो एकदम आवडला. “यात कळण्यासारखं काहीतरी आहे,” ती म्हणाली.

फक्त बंदूक तिच्या मापाची नव्हती. सहा फुटी पुरुषाच्या हिशेबाने केलेली. खांद्याला लावली की ट्रिगरपर्यंत बोट पोचायला तिला मान लांब करावी लागायची, आणि मान लांब केली की नळी सरळ शेजारच्या काउंटीकडे. सावनी म्हणाली, “इट नीड्स फिटिंग. वॉल्टकडे जा.”

फिटिंग! हा शब्द ऐकून संध्याला हुरूप आला. इतकी वर्षं स्वतःची पोलकी स्वतः शिवणारी बाई ती. मापाच्या बाबतीत तिला कोण शिकवणार?

वॉल्ट क्लबचा बंदुका दुरुस्त करणारा. स्पर्धेच्या दिवशी गुण मोजणाराही तोच. सत्तरीचा, उंच, डोक्याला केशरी टोपी. हसताना त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि रागावतानाही. त्याच्याकडे संध्या भर ऑगस्टात गेली ती हातात जाड हिवाळी कोट घेऊन.

“स्पर्धा नोव्हेंबरमध्ये आहे,” तिने ऐटीत सांगितलं. “कोट घालून माप द्यावं म्हटलं. नाहीतर तेव्हा तंग व्हायचं.”

वॉल्टची भुवई मिलिमीटरभर वर गेली. “बहुतेक लोक विसरतात, मॅम.”

(हे वाक्य नीट लक्षात ठेवावं. थंडीचा विचार तीन महिने आधी करणारी हुशार बाई ती हीच. पुढे लागेल.)

घामाच्या धारांत संध्या कोट घालून उभी राहिली. वॉल्टने बंदुकीचा दस्ता तिच्या कोपराच्या खाचेत टेकवला, ट्रिगरपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, आणि दस्त्यावर पेन्सिलीने रेघ मारली. “दीड इंच कापावा लागेल.”

“कापा,” संध्या म्हणाली, आणि पंचवीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली. “पण आत इंचभर ठेवा हं. पुढेमागे जाड झाले तर उसवता येईल.”

वॉल्टने बंदुकीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. “मॅम, हे अक्रोडाचं लाकूड आहे.”

“हो, पण...”

“याला आत काही नसतं.”

तरी जाताना तिने विचारलंच, “उरलेला तुकडा परत मिळेल ना?” चाळीस वर्षांच्या धंद्यात कापलेलं लाकूड मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. वॉल्टने तो तुकडा कागदात गुंडाळून दिला. आज तो नेपरव्हिलच्या एका डायनिंग टेबलच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली आहे आणि चोख काम करतोय.

कापलेल्या दस्त्याला वॉल्टने मागून रबराची गादी बसवली, नळीच्या टोकाला केशरी मणी लावला. गाल मात्र अजून नीट टेकत नव्हता, नजर नळीच्या खालीच राहायची. “तिथे काहीतरी मऊ चिकटवा, पाव इंच,” वॉल्टने सांगितलं. बाजारात त्याच्या तयार पट्ट्या मिळतात. पण संध्याने जुन्या इरकलीचा तुकडा काढला, आत फोम घातला, गोधडीचे टाके घातले आणि नाडीने बांधला. गाल असा काही बसला, की पहिल्याच दिवशी सात पक्षी फुटले. सावनी म्हणाली, “ओके, दॅट्स ॲक्च्युअली गुड.” तीनपेक्षा एक शब्द जास्त! संध्याने घरी जाताना पेढे घेतले.

मग तिला चेवच चढला. रोज संध्याकाळी फॅमिली रूममध्ये प्लास्टिकची खोटी काडतुसं घेऊन सराव. खांद्याला लाव, गाल टेकव, दांडा मागे, दांडा पुढे. खटाक-खटाक! एकदा उल्हास शेजारच्या खोलीत व्हिडिओ कॉलवर होता. त्याचा बॉस तीन वर्षं त्याला नवीन लॅपटॉप देत नव्हता. मागून संध्याचा आवाज आला, “आज पंचवीस झाल्याशिवाय सोडायची नाही,” आणि पाठोपाठ खटाक-खटाक. लॅपटॉप मंगळवारी आला.

ऑक्टोबर संपेपर्यंत पंचवीसपैकी बारा, तेरा, एकदा तर चक्क पंधरा. सावनी बरोबर असायची. कारमध्ये जाताना बोलायची. कोण मुलगी कुणाशी बोलत नाही, कुठल्या कॉलेजला फॉर्म भरायचा, सगळं. संध्या फक्त ‘हं’ म्हणायची आणि श्वाससुद्धा हळू घ्यायची, न जाणो, पोरगी दचकून गप्प व्हायची.

आणि मग आला स्पर्धेच्या आदल्या दिवसाचा शुक्रवार.

चहा झाल्यावर संध्या बंदूक साफ करायला बसली. वॉल्टने शिकवल्याप्रमाणे सगळं पुसलं. शेवटी दांडा ज्या पट्ट्यांवरून सरकतो तिथे तेलाचा थेंब. बघते तर बंदुकीच्या तेलाची बाटली रिकामी. सावनीची बाटली टीमच्या बॅगेत, बॅग शाळेत.

“उद्या तिथे कुणाकडे तरी मागशील,” उल्हास म्हणाला.

“ऐन स्पर्धेला कोरडी बंदूक नेऊ? लोक काय म्हणतील?”

इथे संध्याची नजर किचनकडे गेली. हीटिंगची गरम हवा येते त्या जाळीशेजारी, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, खोबरेल तेलाची बाटली. बारा महिने पातळ, स्वच्छ, चकाकणारं. तेल ते तेल! वॉल्टने सांगितलं होतं, “एक थेंब.” पण कोरड्या डोक्याला एका थेंबाने कधी काही झालंय? संध्याने बंदुकीला अभ्यंगच घातलं. पट्ट्यांना चोळलं, सांध्यांत सोडलं, बोटांनी जिरवलं.

आणि काय तो दांडा सरकायला लागला! आवाजसुद्धा नाही.

“लोण्यासारखा!” ती ओरडली. “उल्हास, बघ, लोण्यासारखा!”

(लोणी फ्रीजमध्ये ठेवलं की दगड होतं, हे तिला तेव्हाच सुचायला हरकत नव्हती.)

शनिवारी सकाळी बाहेर बावीस फॅरनहाइट. आपल्या हिशेबात उणे पाच-सहा. गाडीत हीटर होता, तोवर सगळं छान. क्लबवर पोचल्यावर बंदुका उघड्या करून बाहेरच्या लाकडी घोडीवर ठेवायच्या, असा नियम. संध्याची बंदूक तिथे पाऊण तास उभी राहिली, कारण आधी मुलांची फेरी होती, मग बाकीच्या पालकांची, आणि संध्याचा नंबर सर्वांत शेवटी. सावनीने तेवीस फोडले. तिसऱ्या नंबरावर होता मंडळातलाच देवांग आणि त्याचे बाबा केदार, दोघांचे मिळून पस्तीस. म्हणजे संध्याला तेरा हवे होते. तेरा फोडले की भिंत!

“तेरा, आई,” सावनी म्हणाली. “यू गॉट धिस.” आणि मैत्रिणींसमोर, सर्वांदेखत, तिच्या कोटाची वरची चेन लावून दिली.

पहिल्या जागेवर दांडा जरा जड वाटला. संध्याला वाटलं, हात गारठलेत. पाचपैकी तीन फुटले. दुसऱ्या जागेवर पहिलाच पक्षी, “पुल!” (म्हणजे ‘सोडा बशी’) आणि ठप्प! बशीचा नुसता धूर. चार! संध्याने आनंदाने दांडा मागे ओढला.

दांडा आला नाही.

तिने पुन्हा ओढला. कोट, कंबर, घराण्याची पुण्याई, सगळं पणाला लावून ओढला.

“नळी मैदानाकडे, मॅम,” मागून वॉल्टचा आवाज.

“नळी मैदानाकडेच आहे! दांडाच माझ्याकडे येत नाहीये!”

वॉल्ट शांतपणे पुढे आला. त्याने बंदूक हातात घेतली, नळी तशीच मैदानाकडे ठेवून दोन्ही मुठींनी जोर लावला. कर्रर्र करत दांडा मागे आला आणि रिकामं काडतूस थकून खाली पडलं. वॉल्टने आत पाहिलं. आत सगळीकडे पांढरा थर. त्याने करंगळीने थोडं खरवडून नाकाशी नेलं.

“माझी बायको नाताळात एक प्रकारची बिस्किटं करते,” तो म्हणाला. “तसा वास येतोय.”

“कोकोनट ऑइल,” संध्या पुटपुटली.

“स्वयंपाकाचं?”

“नाही. केसांचं.”

वॉल्टने तिच्या केसांकडे पाहिलं. मग बंदुकीकडे. मग खिशातून घड्याळ काढलं. “बंदूक अडली तर पाच मिनिटं मिळतात. नाही चालली तर उरलेले पक्षी गेले.”

त्या क्षणी संध्याच्या डोळ्यांसमोर नाशिक आलं. डिसेंबरातली सकाळ, आई तिला सांगतेय, “जा गं, खोबरेलाची बाटली उन्हात ठेव, गोठलंय बघ.” दहा वर्षं हे काम तिच्याकडे होतं! बाटलीत काडी घालून तेल उकरणारी ती, उन्हात बाटली फिरवणारी ती. थंडीत तंग होईल म्हणून भर ऑगस्टात कोट नेणारीही तीच. खोबरेल गोठतं हे तिला माहीत नव्हतं, असं म्हणायची काही सोयच नव्हती. तिथे ऊनही नव्हतं. इलिनॉयचं नोव्हेंबरातलं आभाळ, ॲल्युमिनियमच्या पातेल्याच्या बुडासारखं.

सावनी धावत आली. संध्याने मान खाली घातली. आता ‘व्हॉटेव्हर’ येणार, आणि दार नसलं तरी दाराचा आवाज येणार.

सावनीने बंदुकीचा वास घेतला. “आई. यू डिडन्ट.”

“लावलं गं.”

“माझ्या केसांना लावतेस ते?”

“तेच.”

आणि सावनी हसायला लागली. पोट धरून, नाक लाल होईपर्यंत, आठ वर्षांची असताना हसायची तशी. हसता हसताच तिने खिशातून हात गरम करायच्या दोन पुड्या काढल्या (खळखळ हलवल्या की तापतात, थंडीत सगळी पोरं खिशात ठेवतात) आणि मैत्रिणींना हाक मारली, “गाइज, हँड वॉर्मर्स! ऑल ऑफ देम! माय मॉम ग्रीज्ड हर गन विथ हेअर ऑइल!”

बारा पुड्या गोळा झाल्या. उघड्या, रिकाम्या बंदुकीच्या पट्ट्यांवर पुड्या ठेवल्या, वरून संध्याचा लोकरीचा मफलर गुंडाळला. बाळंतिणीला शेक देतात तसा बंदुकीला शेक सुरू झाला. वॉल्ट तिथेच नळीवर एक डोळा आणि घड्याळावर एक डोळा ठेवून उभा. “तीन मिनिटं झाली... चार...”

साडेचार मिनिटांनी मफलरातून एक थेंब टपकला.

“वितळलं!” संध्या किंचाळली. दांडा मागे, दांडा पुढे. खटाक-खटाक! लोण्यासारखा! सबंध मैदानावर खोबऱ्याच्या वड्यांचा वास सुटला. संध्याने दोन गरम पुड्या पुढच्या हाताच्या मोज्यात कोंबल्या, म्हणजे दांडा ऊबेत राहील, आणि पुन्हा जागेवर उभी राहिली.

दुसऱ्या जागेवर आणखी दोन. सहा. तिसरीवर दोन, चौथीवर दोन. तेल मनगटावरून कोटाच्या बाहीत शिरलं, कोपरापर्यंत पोचलं. दहा झाले. शेवटची जागा, पाच पक्षी, हवे होते तीन.

पहिला फुटला. अकरा. दुसरा गेला सरळ, जणू त्याला कुठे जायचं होतं. तिसरा फुटला. बारा! मागे सावनीने शिट्टी वाजवली. चौथा... संध्याने घाई केली. गेला.

उरला एक.

संध्याने काडतूस ठेवलं, दांडा पुढे केला, गाल इरकलीवर टेकवला. “पुल!” बशी डावीकडे सुटली. केशरी मणी तिच्या मागे, तिच्या बरोबर, तिच्या पुढे. धाड!

बशी पुढे उडत राहिली. अख्खी. संध्याचा जीव गेला. पण काठावरून काहीतरी उडालं होतं, नखाएवढं. की नव्हतं? टवका दिसला तर पक्षी मेला, म्हणजे मिळाला; नाही दिसला तर नाही. सगळ्यांनी वॉल्टकडे पाहिलं. वॉल्टने मैदानाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, पेन्सिलीच्या टोकाकडे पाहिलं.

“डेड,” तो म्हणाला.

(जगात दुसरीकडे कुठेही या शब्दावर मायलेकी गळ्यात पडून नाचत नाहीत.)

छत्तीस! तिसरा नंबर! उल्हास चहाचा थर्मास घेऊन धावत आला. संध्याला वाटलं, आता हा काहीतरी छान बोलणार. तो म्हणाला, “अगं, मला आत्ता आठवलं. तुझ्या शिलाई मशीनच्या तेलाची भरलेली बाटली त्या खोबरेलाच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये आहे. ते नसतं गोठलं.”

“आधी का नाही आठवलं?”

“तू लोणी लोणी करत होतीस ना.”

फोटो निघाला. सावनी मध्येच फिस्सकन हसली म्हणून हलला, तरी तोच ठेवला. आता तो भिंतीवर आहे. संध्याच्या बाहीवर मोठा तेलकट डाग आहे, समोरच्या टेबलावर बारा पुड्या आहेत, आणि सावनीचा हात आईच्या खांद्यावर आहे. खाली झाडू मारणारी नवीन मुलं विचारतात, तेव्हा सावनी सांगते, “दॅट्स माय मॉम. द कोकोनट वन.” कॉलेजला जाईपर्यंत रोज एकदा तरी सांगणार, असं दिसतंय.

तिसऱ्या नंबराचं बक्षीस वॉल्टने स्वतः आणून दिलं. बंदूक साफ करायचा डबा. आत ब्रश, फडकी आणि बंदुकीच्या तेलाची नवी, सीलबंद बाटली. संध्याने ती बाटली पाहिली. तिने हळूच बंदूक पुढे केली.

“वॉल्ट, खरं सांगा. मी एवढं सगळं तेल चोळलं. तिला कायमचं काही झालं नाही ना?”

वॉल्टने बंदूक घेतली. उघडी, रिकामी असल्याची खात्री केली. दांडा दोनदा मागेपुढे केला, इरकलीवरून अंगठा फिरवला, दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत सावकाश नजर नेली, आणि बंदूक तिच्या हातात परत दिली.

“महिन्याभराने घेऊन या, मॅम,” तो म्हणाला. “केस वाढले असतील, कापून देतो.”